सनईवाल्याचा पुढचा दात

हातात धरलेला दात बोलत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. दातांचं काम शिकायला लागलो तेव्हा पहिलं वर्ष मी असल्या मुक्या दातांवरच काढलं, आणि ते वर्ष संपता संपता माझ्याएवढा हुशार माणूस उभ्या सोलापुरात नाही असं माझं मत झालं होतं. ते मत मी लपवूनही ठेवलं नव्हतं.

साल तिसाच्या मागचंपुढचं. नव्या पेठेत एका लाकडी जिन्याच्या वर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर कलकत्त्याला शिकून आलेले. त्यांच्याकडे आम्ही दोघं शिकाऊ: एक मी, आणि दुसरा माझा जोडीदार, बार्शीच्या एका मास्तरांचा मुलगा. त्या काळी दात दुखला की तो उपटायचा, एवढंच लोकांना ठाऊक होतं. दात जागच्या जागी ठेवून त्याच्या मुळातली नस तेवढी काढतात, नळी धुतात आणि बुजवतात, असं सांगितलं की माणसं आमच्याकडे संशयानं बघायची. विहीर न उपसता तळाचा गाळ काढून दाखवतो म्हणणाऱ्याकडे बघावं तशी.

शिकण्याची रीत अशी होती. लोकांचे उपटलेले दात आम्ही उकळून, धुऊन ठेवायचो. खिडकीपाशी बसून एक दात डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, वरून भोक पाडायचं आणि केसासारखी बारीक काटेरी सुई मुळाच्या नळीत सोडायची. सुईचं टोक मुळाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर डोकावलं की थांबायचं, थोडं मागं घ्यायचं. झालं काम. यात अवघड ते काय? मी आणि जोडीदारानं पैजा लावायला सुरुवात केली. आधी कोण लवकर करतो, मग डाव्या हातानं कोण करतो. शेवटी मी डोळ्यांवर रुमाल बांधून केलं. गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत तीन दात. जोडीदार ‘वा वा’ म्हणत होता, आणि मी रुमाल सोडून बघतो तर ‘वा वा’ कधीच थांबलं होतं आणि समोर डॉक्टर उभे होते.

‘‘रुमाल माझा दिसतोय,’’ ते म्हणाले.

रुमाल त्यांचाच होता. तो घडी करून खिशात घालत ते एवढंच म्हणाले, ‘‘तोंडातल्या दाताचं टोक दिसत नाही रे. ते हाडात असतं.’’ मी मान डोलावली. मला वाटलं, ही म्हातारपणाची काळजी आहे. डॉक्टर तेव्हा चाळीसचे असतील.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी वळसंगचा सनईवाला आला. पन्नाशीचा माणूस, अंगानं काटकुळा, पटका मात्र ऐटदार. संगतीला त्याचा धाकटा भाऊ, सनईमागे सूर धरणारा. त्याचं काम एकच: थोरला सनईवर वाट्टेल तिकडे हिंडून येवो, यानं आपला एक सूर धरून गाल फुगवून उभं राहायचं. थोरल्याचा वरचा पुढचा दात ठणकत होता. ओठ सुजलेला. खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं हात जोडले.

‘‘डाक्टर, काय बी करा, पर दात काडू नका. ह्यो दात गेला तर ओठाला टेकायला काय ऱ्हायलं? समदी फुंक भसाभसा भाईर जातीया. आमच्या चुलत्याचा असाच गेला. त्येचं वाजवणं बंद झालं बगा, जलमाचं.’’

पुढच्या दहा-बारा दिवसांत त्याच्या अंगावर लागोपाठ लग्नं होती. पण त्याचा घोर लग्नांचा नव्हता. दात गेला तर सनई गेली, आणि सनई गेली तर आपण कोण उरलो, हे त्याला कळत नव्हतं. ते तो बोलला नाही. पण बोलताना त्याचा अंगठा सारखा ओठावर जात होता, आणि ते माझ्यासारख्या मठ्ठालाही दिसलं.

डॉक्टरांनी दात तपासला. एकच मूळ, सरळ नळी. शिकाऊ हाताला याच्याहून सोपा दात मिळायचा नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छाती पुढे काढली. भोक पाडायचं यंत्र पायानं चालवत डॉक्टरांनी स्वतः दात उघडला आणि पुढचं माझ्यावर सोपवलं. ‘‘सोमल भर, वर सिमेंट लाव, आणि तिसऱ्या दिवशी यायला सांग,’’ असं म्हणून ते शेजारच्या खोलीत दुसऱ्या माणसाकडे गेले.

तेव्हा जिवंत नस काढायची तर आधी ती मारावी लागे, आणि ती मारायला सोमल हे विष वापरत. मोहरीएवढा कण कापसाच्या बोळ्यावर घेऊन नसेवर ठेवायचा आणि दात वरून बंद करायचा. दोन-तीन दिवसांत नस मरते. पण नस मेली म्हणून सोमल थांबत नाही, त्याला बाहेर काढावं लागतं. नाही काढलं तर तो मुळाच्या टोकातून पुढे सरकतो आणि आजूबाजूचं हाड खायला लागतो. मग दात राहत नाही, आणि दाताशेजारचंही धड राहत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. सोमल मी सुरेख भरला. सिमेंट तर इतकं गुळगुळीत लावलं की माझं मलाच कौतुक वाटलं. सनईवाला खुर्चीतून उठला आणि म्हणाला, ‘‘आता काय करू, डाक्टर?’’ मला त्या जिन्यावर पहिल्यांदाच कोणी ‘डाक्टर’ म्हटलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘‘काही करू नका, मामा. आता हा दात विसरून जा!’’

तिसऱ्या दिवशी या, हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, ते माझ्या वाक्याच्या ऐटीत बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सनईवाला आला नाही. मला तेव्हा आठवलं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारलं, ‘‘वळसंगचा सनईवाला कुठंय? सांगितलं होतंस ना?’’

‘‘दोनदा सांगितलं,’’ मी म्हणालो.

एकदा म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मला खोटं बोलतानाही कमी पडायचं नव्हतं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. ‘‘दुखायचं थांबलं की माणसं येत नाहीत. मीच जाऊन येतो उद्या.’’ ते गेले असते तर माझं पितळ उघडं पडलं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, ‘‘तुम्ही कशाला? मी जातो. माझाच रुग्ण आहे.’’ डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. ‘‘शाबास,’’ ते म्हणाले. आयुष्यात ती मला मिळालेली त्यांची पहिली शाबासकी, आणि मी ती खोटं बोलून मिळवली. त्यांनी स्वतःच्या हातानं सुया, स्पिरिटचा दिवा, आरसा, लवंगेचं तेल आणि सिमेंट माझ्या डब्यात भरून दिलं. ‘‘नस सहज निघाली तर काढ. अडली तर हात लावू नकोस, त्याला घेऊन ये,’’ असं बजावलं. जोडीदार कोपऱ्यात उभा राहून गालातल्या गालात हसत होता. मी ‘विसरून जा’ म्हणालो तेव्हा तो तिथंच होता.

पाचव्या दिवशी सकाळी अक्कलकोटच्या मोटारीनं मी वळसंगला उतरलो. सनईवाल्याचं घर विचारावं लागलं नाही. मोटार थांबायच्या आधीच सनई ऐकू येत होती. मेंढरं राखणाऱ्या एका घरचं लग्न होतं आणि मांडवाच्या दाराशी माझा रुग्ण, सोमल तोंडात ठेवून, मजेत वाजवत होता. भाऊ शेजारी गाल फुगवून सूर धरून होता. मला बघताच थोरल्यानं भुवया उडवल्या, आणि माझ्या स्वागतासाठी म्हणून एक तान अशी लांबवली की माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता काय करणार? सनईवाल्याचं तोंड लग्नात रिकामं नसतं. वरात आली की वाजव, विहीण आली की वाजव, मंगलाष्टकांत जरा उसंत मिळते पण ‘सावधान’ झालं की परत सुरू. मी मांडवाच्या मेढीला टेकून उभा राहिलो आणि प्रत्येक सूर कान देऊन ऐकू लागलो. कुठे जरा घरघर झाली की मला वाटायचं, गेलं हाड. एकदा तो खोकला तर मी चार पावलं पुढे धावलो. बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. कोणीतरी विचारलं, ‘‘पावनं नवरीकडचं का नवऱ्याकडचं?’’ मी म्हणालो, ‘‘सनईकडचा.’’ त्यांना ते पटलं असावं, कारण पंगतीत मला मानानं बसवलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर लापशी. मी भाकरी कुस्करत सनईकडे कान लावून बसलो.

पंगत उठल्यावर तो मोकळा झाला. मी सगळं सांगितलं. दातात विष आहे, ते आत्ताच्या आत्ता काढायला हवं.

त्याचा चेहरा पडला. ‘‘पर तुमी म्हनला हुता, इसरून जा. आन मी इसरलो की. दुकतच न्हाय. कालच्याला ह्याच दातानं ऊस सोलला.’’

‘‘चुकलं माझं, मामा,’’ मी म्हणालो. हे वाक्य डॉक्टरांपुढे फुटलं नव्हतं, ते इथे सरळ बाहेर पडलं. त्याचा अंगठा परत ओठावर गेला. मग त्यानं एकच विचारलं, ‘‘ऱ्हाईल का ओ दात?’’

पाच दिवसांपूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, म्हणजे काय, नक्की. आता मी म्हणालो, ‘‘मला माहीत नाही. उघडून बघू या.’’

कडुलिंबाखाली घोंगडं अंथरलं. तो उताणा निजला, डोकं माझ्या मांडीवर. तिथे ऊन बरोबर तोंडात पडत होतं. भावानं आरसा धरला. लग्नाला आलेली निम्मी माणसं भोवती जमली, कारण जेवण झालं होतं आणि पुढचा कार्यक्रम संध्याकाळी होता. मी दिव्यावर सुई भाजून घेतली, सिमेंट खरवडून काढलं, सोमलाचा बोळा बाहेर ओढला. हिरडी गुलाबी होती, काळी पडलेली नव्हती. माझ्या जिवात जीव आला. आता नस. सुई नळीत सोडली मात्र, आणि तो गुरासारखा ओरडला, ‘‘यप्पा!’’

मी मागे कोलमडलो. सुई उडून घोंगड्यात पडली. मनात आलं, हा मेला आता, आणि मीही मेलो. तेवढ्यात खाली बघतो तर मामा पोट धरून हसत होते. भाऊ हसत होता. म्हाताऱ्याकोताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

‘‘काय बी दुकलं न्हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘बगत हुतो. आमास्नी पाच दिस इख चारलंसा, तुमास्नी जरासं तरी नको का?’’

रागानं माझे कान तापले. पण रागवायला तोंड कुठे होतं? मी घोंगड्यातून मुकाट्यानं सुई शोधली, ती परत दिव्यावर धरली आणि म्हणालो, ‘‘मामा, आता खोटं ओरडू नका. सुई कुठवर गेली ते मला दिसत नाही. टोक हाडात आहे.’’ हे बोलत असताना माझ्या लक्षात आलं की मी डॉक्टरांचंच वाक्य म्हणतोय, आणि त्याचा अर्थ मला आत्ता कळतोय. खिडकीपाशी बसून मी केलेले ते सगळे दात, डाव्या हाताचे आणि रुमाल बांधलेले, इथे माझ्या काही कामाचे नव्हते. तिथे रुमालाआडूनही टोक माझ्या बोटांना लागत होतं. इथे मी खरोखर आंधळा होतो.

‘‘टोकापाशी थोडी नस जिवंत असेल,’’ मी सांगितलं. ‘‘तिथे सुई गेली की तुम्हाला कळेल. मला सांगा, म्हणजे मी तिथेच थांबेन.’’

‘‘तोंड उघडं ठिवून सांगू कसं?’’

हा सवाल रास्त होता. आरसा धरलेला भाऊ, जो इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, ‘‘घशातनं सूर लाव की. खाली असंल तर खाली, वर चडंल तसं वर.’’

आणि तसंच झालं. भावानं आरसा नवरदेवाच्या काकाकडे दिला, आपली सनई उचलली आणि सूर धरला. मी सुई आत सोडली. उघड्या तोंडानं, घशातल्या घशात, मामांनी खालचा ‘सा’ लावला. मी केसभर पुढे सरकलो, ते केसभर वर चढले. मी थांबलो की ते थांबत. मी मागे घेतलं की ते उतरत. माझी बोटं काय करतायत हे मला त्यांच्या गळ्यातून ऐकू येत होतं. एकाएकी सूर वरच्या ‘सा’वर गेला आणि थरथरला. या खेपेला डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मी जागीच थांबलो, सुईला दाताच्या कडेशी दोऱ्याची गाठ मारून खूण केली, सुई एक वेढा फिरवली आणि ओढली. नस अख्खी बाहेर आली, पांढरी, कोवळ्या गांडुळाएवढी बारीक. म्हाताऱ्या बायका ‘अगं बाई’ म्हणाल्या. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवायला हात मोकळे नव्हते.

नळी धुतली, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, दात बंद केला. आणि मग, ‘‘गुरुवारी दवाखान्यात या,’’ हे मी मामांना सांगितलं, भावाला सांगितलं, नवरीच्या बापाला सांगितलं आणि मोटार सुटताना खिडकीतून पुन्हा ओरडून सांगितलं.

गुरुवारी सकाळपासून मी जिन्याच्या तोंडाशी किती फेऱ्या मारल्या ते जोडीदार पुढे कित्येक वर्षं लोकांना रंगवून सांगत असे. दोघे भाऊ आले. डॉक्टरांनी दात बघितला, हिरडी दाबून बघितली, हुंकार भरला. ‘‘बुजव,’’ म्हणाले आणि माझ्या मागे उभे राहिले. मी दोऱ्याच्या खुणेवरून गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या चिकाची, काडी कापली आणि ती नळीत सरकवायला लागलो. मामांना वाटलं, रीतच अशी आहे. त्यांनी घशातून सूर लावला.

डॉक्टर दचकले. ‘‘हे काय? दुखतंय का यांना?’’

मला सांगणं भाग होतं. सूर कसा चढत गेला आणि खूण कुठे केली ते मी सांगितलं. डॉक्टर खुर्चीची पाठ धरून हसले. आम्ही त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत ते मामांना म्हणाले, ‘‘पण मामा, तिसऱ्या दिवशी आला असतात तर हा खटाटोप कशाला झाला असता? यानं तुम्हाला दोनदा सांगितलं होतं ना?’’

माझा हात थांबला. मामांनी खालून माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘दोनदा सांगितलं हुतं. आमीच इसरलो.’’

सुटलो होतो मी. काडी दातात बसली होती, डॉक्टर खूश होते, आणि ज्याच्या जबड्यात मी पाच दिवस विष ठेवलं तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलला होता. मला ते सोसलं नाही. ‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी सांगितलंच नव्हतं. दात विसरून जा म्हणालो होतो.’’

डॉक्टरांचं हसू मावळलं. मला वाटलं, आता डबा उचलायचा आणि घरी जायचं. मग ते मामांकडे वळले. ‘‘तुमची मागची एक दाढ किडली आहे. तिचंही हेच करावं लागेल. तिला तीन मुळं आहेत, काम अवघड आहे. कोणाकडून करून घ्याल? माझ्याकडून, का याच्याकडून?’’

मामांनी जिभेनं दाढ चाचपली. माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आधी तोंडाकडे आणि मग हाताकडे. माझा हात कापत होता.

‘‘ह्यांच्याकडनंच,’’ ते म्हणाले. ‘‘आता ह्यास्नी भ्या वाटतंय.’’

डॉक्टर माझ्या मागून निघाले आणि आरसा धरायला स्वतः पुढे आले.